लोणघाटचे गिरदावर

गिरदावरांचा कुठल्याही नकाशावर विश्वास नव्हता. नकाशा सरकारी असो, भिंतीवरचा असो की पोरांच्या भूगोलाच्या पुस्तकातला, ते आधी खिशातून शिलाईचा दोरा काढत, नदीच्या वळणावळणाने तो नकाशावर अंथरत, मग ताणून पट्टीवर मोजत आणि म्हणत, "पाहा, इथंच फसवलं." ही सवय नोकरीतली. महसूल खात्यात ते गिरदावर होते, म्हणजे गावोगावच्या शिवारांतून फिरून कुणाच्या शेतात काय उभं आहे याच्या नोंदी तपासणारे. त्या पदाला आता सरकारदरबारी इंग्रजी नाव आहे, पण आमच्या नार्नूरकडे, म्हणजे आदिलाबाद भागात, निजामाच्या काळातलाच शब्द चालतो आणि निवृत्तीनंतरही तो माणसाला चिकटून राहतो. त्यांची बायको, सुमनकाकू, शेजारणींशी बोलताना "आमचे गिरदावर" असंच म्हणत. मात्र शेवटची सहा वर्षं त्यांचा दोरा ज्या नकाशावर फिरला, तो देश या पृथ्वीवर कुठंच नव्हता.

त्याचं असं झालं. त्यांची मुलगी हैदराबादला शिकत असताना मैत्रिणींच्या नादाने रोलप्लेइंग गेम खेळायची. नोकरी लागली, खेळ सुटला, आणि त्याची पेटी नार्नूरला बापाच्या घरी येऊन पडली. गिरदावर तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. माळ्यावर टाकण्याआधी कागद वाचून पाहावा, हा त्यांचा धर्म. त्यांनी आतलं जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडलं आणि आठवड्याभराने ते काखेत मारून आमच्या शाळेत आले. मी तिथल्या मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. "मॅडम," ते म्हणाले, "या पुस्तकात राजे हाय, नद्या हाय, गावं हाय, गावागावातले तंटे हाय. गोष्ट मात्र नाई. हे कोन्या देशाचं गॅझेटिअर हाय?"

मी त्यांना जे समजावलं ते इथंही सांगते. या खेळात चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. एकजण जग सांगतो. बाकीचे त्या जगातली माणसं होतात, कुणी योद्धा, कुणी वैद्य, कुणी चोर. काय करायचं ते ज्याने त्याने बोलायचं, आणि जमलं की फसलं ते फासे सांगतात. हार-जीत नसते, गोष्ट पुढं पुढं जाते, वर्षानुवर्षं जाते. प्रकाशक त्यासाठी दोन तऱ्हेची पुस्तकं काढतात. एक नियमांचं. दुसरं देशाचं, म्हणजे ज्या जगात ही गोष्ट घडते त्याचं सगळं वर्णन. गिरदावरांच्या हाती लागलं होतं ते दुसरं. देशाचं नाव सातखोरे आणि प्रकाशक बंगळुरूचा. माझं ऐकून झाल्यावर ते बराच वेळ पानं चाळत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे गोष्ट आपन घालाची. मंग बसा ना रविवारी."

आणि आम्ही बसलो. रविवारी दुपारी, जेवणं झाली की, त्यांच्या ओसरीवरच्या टेबलापाशी आम्ही चौघं. जग सांगणारे गिरदावर. मी वैद्यबाई. पोस्टातले राजन्ना योद्धा. ते तेलुगू माणूस, आमच्यात बसून हिंदी-मराठीचं स्वतःचंच एक मिश्रण बोलत. आणि सुमनकाकू चोर. काकूंनी चोर व्हायचं स्वतः होऊन ठरवलं होतं. "जलमभर कुलपं लावत आली," त्या म्हणाल्या, "आता खोलून पाहातो." खेळातल्या प्रत्येक नव्या गावात शिरल्या की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, मागचं दार कुणाचं उघडं आहे?

जग सांगण्यात गिरदावर आम्हाला कधी कधी रडकुंडीला आणत. राजवाडा त्यांना दोन वाक्यांत पुरे होई, पण शेताचा बांध सांगायला अर्धा तास लागे. एकदा आम्ही डोंगरातल्या अजगरासुराला मारायला निघालो होतो. राजन्ना तीन रविवार तलवारीला धार लावत होते. आम्ही गुहेच्या तोंडाशी पोचलो आणि गिरदावर थांबले. पुस्तकातला नकाशा पुढं ओढून म्हणाले, "एवढ्या मोठ्या जनावराले प्याले पानी कुठून येते? ना झरा दिसते ना नदी." राजन्ना कपाळाला हात लावून म्हणाले, "अय्यो, गिरदावर साब, वो पानी पीता या नहीं पीता, मेरे को क्या? मी मारतो ना!" पण नाही. तो रविवार अजगरासुराचा पाणवठा शोधण्यात गेला. खरं सांगायचं तर पाणवठा सापडला म्हणूनच आम्ही त्याला मारू शकलो. तिथं तो बेसावध असे. राजन्नांनी हे कधीच कबूल केलं नाही.

देशाच्या पुस्तकात लोणघाट नावाचं एक गाव होतं. त्याला पुस्तकाने चार ओळी दिल्या होत्या: तांबी नदीच्या काठी, होडीचा घाट, एक धर्मशाळा, लोक कष्टाळू. एवढंच. गिरदावरांना या चार ओळींनी पछाडलं. त्यांनी जुन्या दप्तरासारखी लांबट वही आणली, रेघा मारल्या आणि लोणघाटची पहाणी लिहायला घेतली. पहाणी म्हणजे कुठल्या तुकड्यात कोण आहे आणि त्याने काय पेरलंय याची नोंदवही. आमच्याकडे शेतकऱ्याचं अर्धं आयुष्य त्या कागदासाठी कचेरीच्या पायरीवर जातं. लोणघाटला त्यांनी एकेचाळीस घरं दिली. घरागणिक माणसं, त्यांची नावं, बैल, विहिरीत कुणाचा किती वाटा, कुणाचं कुणाशी बोलणं बंद. आम्ही खेळात कुठंही भटकलो तरी फिरून लोणघाटला येत होतो, कारण तिथं आम्हाला लोक ओळखत. दोन राज्यं त्या गावावर हक्क सांगत, हीसुद्धा भर त्यांचीच. "आपल्या सीमेवर हाय ना अशी गावं," ते म्हणत. दोन्ही राजांचे कारभारी एकाच दिवशी घोंगड्या वाटायला आले तेव्हा काकूंच्या चोराने दोन्ही रांगांत उभं राहून दोन घोंगड्या घेतल्या. चोरीसाठी फासे टाकावेच लागले नाहीत. काकू त्या दिवशी फार खूश होत्या.

याच सुमारास त्यांनी प्रकाशकाला पत्रं लिहायला सुरुवात केली. पत्र हा शब्द त्यांचा नव्हे, ते दरखास्त म्हणत. मराठीत लिहून माझ्याकडे आणत, मी इंग्रजी करून पाठवत असे. पहिल्या दरखास्तीचा विषय होता, लोणघाट ते राजधानी पुस्तकात तीन दिवसांची वाट सांगितली आहे, दोऱ्याने मोजता ती एका दिवसाची भरते, सबब दुरुस्ती व्हावी. मी म्हटलं, "काका, आणखीही चार चुका आहेत ना, त्याही एकदम लिहून टाकू." त्यांनी मान हलवली. "एका दरखास्तीत एकच मुद्दा, माय. दोन लिवले का साहेब सोपा तेवढाच वाचते." चारही चुकांच्या चार दरखास्ती गेल्या. मला वाटलं होतं बंगळुरूचे लोक हसतील आणि सोडून देतील. तिथल्या संपादिकेने पाचही पत्रांना उत्तरं दिली आणि पुढच्या छपाईत वाट एका दिवसाची केली. ते पान हाती आलं तेव्हा गिरदावरांनी ते राजन्नांना दाखवलं, पोस्टात रांगेत उभ्या असलेल्या दोन अनोळखी माणसांनाही दाखवलं.

उत्तरं येतात म्हटल्यावर त्यांचा हात सैल सुटला. प्रकाशकाने अशा देशांना कसं सांभाळावं, याबद्दल त्यांची ठाम मतं तयार झाली आणि ती आम्हाला दर रविवारी ऐकावी लागली. सातखोऱ्यांच्या राजघराण्यांचा इतिहास म्हणून कंपनीने एक महाग, जाड ग्रंथ काढला, तेव्हा ते चिडले. "राजाच्या सात पिढ्या कोनाले पायजे? वाट सांगा, पानवठा सांगा, गावात भांडन कशाचं हाय ते सांगा. बाकीचं आमी पाहून घेतो." त्यांनी सुचवलं, की एकेका गावाची पातळ पुस्तिका काढा, जी एका बैठकीत वाचून होईल आणि पुढच्या रविवारी खेळता येईल. नकाशा दोनदा छापा, एक नावांसकट आणि एक कोरा, लोकांना आपली नावं लिहायला. जुनं पुस्तक छापायचं बंद करू नका, नाहीतर नवा माणूस टेबलाशी येऊन बसणार कसा? कंपनीने यातलं सगळं नाही, पण पुस्तिकांचं मनावर घेतलं. आणि त्या लिहायला माणूस हवा म्हणून, एवढे दिवस त्यांची पत्रं इंग्रजीत करणाऱ्या मलाच विचारलं. शाळा सांभाळून मी लिहू लागले. गावात कुणाला यातलं काही कळत नव्हतं, तरी गिरदावर मोठ्या तोऱ्यात सांगत, "आमच्या मॅडमचं पुस्तक बंगलोरात छापून राह्यलं."

कंपनीने पुढच्याच वर्षी सातखोरे सोडून तिसराच नवा देश काढला, तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मी वहीत उतरवून ठेवलं आहे. दरखास्त सांगताना ते ओसरीवर येरझाऱ्या घालत. "लिवा. बंदोबस्त, म्हंजे जमिनीची मोजनी, एकदा होते, पहाणी दरसाल करा लागते. देश काढला अन् वाऱ्यावर सोडला, हे बरोबर नाई. दरसाल या, पाहा, लोकाईनं तुमच्या देशात काय पेरलं ते लिवून घ्या अन् छापा." मग थांबून म्हणाले, "पन हेबी लिवा. पहाणी म्हंजे पाहनं. पेरनं नाई. पेरनारे आमी हावो." आज मला कुणी विचारलं, की अशा खेळांच्या प्रकाशकाने काय करावं, तर मी एवढंच सांगते. त्याहून जास्त मला अजूनही माहीत नाही.

त्यांना एकच भीती होती, आणि ती ते उघड बोलत. कंपनी एक दिवस काहीतरी मोठं घडवेल आणि लोणघाट बिघडवून ठेवेल. अशा प्रकाशकांना ती खोडच असते. खप उतरला की नवी आवृत्ती काढतात, शंभर वर्षं पुढं सरकवतात, एखादं महायुद्ध किंवा प्रलय आणतात, आणि ज्यांनी त्या जागी वर्षानुवर्षं खेळून काही उभं केलेलं असतं त्यांचं सगळं एका पानात पुसलं जातं. मी म्हणे, "काका, पुस्तकात काहीही छापोत, आपल्या टेबलावर आपलं लोणघाट आहे तसंच राहील ना." ते म्हणत, "नाई माय. छापलं का तेच खरं होते. मी छापील कागदाची नोकरी केली हाय."

आणि मग संपादिकेचा फोन मला आला. नवी आवृत्ती ठरली होती. सम्राट तांबी नदीवर धरण बांधणार, खालचं खोरं पाण्याखाली जाणार, त्यात लोणघाट. एक अख्खं प्रकरण गाव बुडण्याचं हवं होतं. "तुझ्याइतकं ते गाव कुणाला माहीत आहे?" ती म्हणाली. मी हो म्हटलं. त्या होकाराबद्दल मी स्वतःला पुष्कळ बोलून घेतलं आहे, पण तेव्हा मला खरोखर वाटलं, की गाव बुडायचंच असेल तर निदान चार ओळींत बुडू नये. गिरदावरांच्या वहीच्या झेरॉक्स प्रती माझ्याकडे होत्याच, पुस्तिकेसाठी त्यांनी दिलेल्या. अकरा दिवस मी शाळेतून आले की लिहीत होते. एकेचाळीस घरं, एकेक नाव, कोण कुठलं भांडं घेऊन निघालं, कुणाचा बैल दाव्याला अडला. त्याआधी मी इतकं चांगलं काही लिहिलं नव्हतं. मजकूर बंगळुरूला पाठवला आणि काही दिवसांनी, त्यांची सगळी वही छापली जाणार या आनंदात, मी त्याचे कागद त्यांच्यापुढं ठेवले. भेट म्हणून. त्यांना आधी विचारावं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

रविवारची दुपार होती. गिरदावरांनी चष्मा पुसला आणि बोट ठेवून वाचायला लागले. राजन्ना फासे मांडून बसले होते. वाचून व्हायला पाऊण तास लागला, आणि एकदाही त्यांनी चूक काढली नाही, तेव्हाच मला समजायला हवं होतं. "हे तुमी लिवलं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "चांगलं लिवलं," ते म्हणाले, कागद नीट जुळवून टेबलावर ठेवले आणि आत गेले. परत बाहेर आले नाहीत. राजन्ना माझ्याकडे पाहत हळूच म्हणाले, "क्या हुआ, मॅडम?"

सांगितलं ते काकूंनी. त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या. नोकरीत असताना एका तलावाखाली जाणाऱ्या गावाचा शेवटचा पंचनामा गिरदावरांच्या वाट्याला आला होता. घराघरापुढं उभं राहून नावं वाचायची, माणूस हजर आहे का पाहायचं, सही नाहीतर अंगठा घ्यायचा. गाव एकेचाळीस घरांचं. सगळं उरकल्यावर एका म्हातारीने त्यांना अडवलं होतं. "तिनं इचारलं," काकू म्हणाल्या, "का साहेब, आता या गावाची पहाणी बंद होईन, मंग आमची नावं कुठं लिवसान? हे तसेच घरी आले. चार दिवस जेवले नाई धड. मंग कवा बोललेच नाई त्यावर. अन् हे खेळाचं पुस्तक घरी आलं, त त्याच्यात ते रिकामं गाव दिसलं त्याईले." काकूंनी माझ्या हातावर हात ठेवला. "तुले माईत नोतं, माय. पंचनाम्याची नक्कल घरी हाय, तिच्यासंगं वही पाहून मलेबी कळलं. नावं तीच हाय."

मी घरी येऊन रडले. शरमेने रडले, ते लपवायचं कशाला? त्या माणसाने ज्यांना पाण्यातून काढून कोरड्या जागी नेऊन वसवलं होतं, त्यांना मी नावानिशी दुसऱ्यांदा बुडवलं होतं आणि वर शाबासकीची वाट पाहत बसले होते. दुसऱ्या दिवशी मी संपादिकेला फोन करून सगळं सांगितलं. ती बाई वाईट नव्हती. म्हणाली, मजकूर पानांत बसलाय, धरण आता निघणार नाही, पण नावं बदलता येतील, एका दिवसाचं काम आहे. मला केवढं हायसं वाटलं. तशीच मी गिरदावरांकडे गेले आणि म्हटलं, "काका, नावं काढता येतात म्हणे."

ते सुपारी कातरत होते. हात थांबला. "नावं ऱ्हावू द्या," ते म्हणाले. "पानी काढा."

मग त्यांनी शेवटची दरखास्त सांगितली. तिच्यात एकच मुद्दा होता. गावाची जमीन घ्यायची तर सरकारसुद्धा आधी नोटीस काढते, दवंडी देते, हरकती मागवते, सुनावणी घेते. प्रकाशकाने सातखोऱ्यांतल्या रहिवाशांना नोटीस दिलेली नाही, सबब सुनावणी व्हावी. मी तसंच्या तसं पाठवलं. संपादिकेला बहुधा हसू आलं असेल आणि वाईटही वाटलं असेल. रविवारी दोन वाजता ती फोनवर यायला तयार झाली.

फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. गिरदावर इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. पहिली हरकत राजन्नांची, ते हिंदीत म्हणाले, की सहा साल मी त्या घाटाची राखण केली आहे, मला न विचारता तुम्ही पाणी कसं सोडता? दुसरी हरकत काकूंची. "मी चोर हावो," त्या फोनकडे वाकून म्हणाल्या. "तरी आजलोक त्या गावात कोनाच्या घरून काई उचललं नाई. तुमी त आख्खं गाव उचलून राह्यले." मी या वाक्याचं इंग्रजी केलं तेव्हा पलीकडे कुणीतरी दुसरंही हसल्याचा आवाज आला. संपादिकेने तिची बाजू मांडली. ती खोटी नव्हती. लोकांना नवं काहीतरी लागतं, ती म्हणाली, आहे तेच पुन्हा छापलं तर कुणी घेत नाही, कंपनी बंद पडली तर लोणघाटही कुठल्या दुकानात मिळणार नाही.

"बरोबर हाय," गिरदावर म्हणाले. मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ते पुढं बोलत होते, एकेक शब्द सुटा, माझ्या इंग्रजीसाठी थांबत. "धरन ऱ्हावू द्या. नोटीस लागली, हद्दीच्या खुंट्या ठोकल्या, इथलोक छापा. पुढचं छापू नोका. पानी येते का नाई येत, गाव भांडते, पळते, का सम्राटाले वळवते, ते ज्याच्या त्याच्या टेबलावर ठरन. ज्याले बुडालेलंच पायजे, त्याच्यासाठी मॅडमचं प्रकरन वायलं छापा, पातळ. त्यात नावं नोको. मोठ्या पुस्तकात गाव उभं ऱ्हायलं पायजे, नावानिशी." मग संपादिका म्हणाली, मालकांशी बोलते. एवढंच. गिरदावरांनी सुनावणी संपल्याचं जाहीर केलं आणि काकूंना चहा टाकायला सांगितला.

उत्तर यायला सात आठवडे लागले. त्या काळात त्यांची तब्येत ढासळली. मूत्रपिंडांचा जुना आजार होता, तो त्यांनी कुणाला फारसा सांगितला नव्हता. मुलगी हैदराबादहून आली, त्यांना आदिलाबादच्या दवाखान्यात ठेवलं. कंपनीचा ईमेल आला त्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा टाकून बस पकडली. खाटेपाशी जाऊन सांगितलं, की मालकांनी मानलं, मोठ्या पुस्तकात पाणी येणार नाही. त्यांनी डोळे उघडले. "लेखी हाय का?" विचारलं. मी फोनवर ईमेल दाखवला. तो त्यांनी दोनदा वाचला. "सही कुठं हाय?" म्हणाले. मी म्हटलं, काका, ईमेलला सही नसते. त्यांना ते काही पटलं नाही, पण माझा हात धरून ठेवला. चौथ्या दिवशी ते गेले.

पुस्तक त्यांच्यानंतर पाच महिन्यांनी आलं. लोणघाटला त्यात नऊ पानं आहेत. एकेचाळीस घरं, नावं, विहिरीतले वाटे, नदीकाठी ठोकलेल्या खुंट्या, चावडीवर लागलेली नोटीस, आणि शेवटी कोरा नकाशा. काकूंनी त्या पानांवरून हात फिरवला आणि पुस्तक आंबेडकरांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवलं. मला वाटलं, झालं. रविवारचा खेळही थांबला होता, जग कोण सांगणार?

मग पत्रं यायला लागली. कंपनी ती माझ्याकडे पाठवते. कुठल्या कुठल्या गावांतून, ज्यांनी नार्नूर हे नाव ऐकलेलंही नाही अशी माणसं, त्यांच्या टेबलावर लोणघाटचं काय झालं ते लिहितात. गेल्या महिन्यात एक गुवाहाटीहून आलं. मी ते काकूंना वाचून दाखवायला गेले. त्या ओसरीवर मिरच्या निवडत बसल्या होत्या. पत्रात लिहिलं होतं, आमच्या लोणघाटने भांडून धरण परतवलं. त्या आनंदात सतराव्या घरातल्या किसनच्या मुलीचं, शेवंतीचं, लग्न लावलं. तुमच्याकडे लग्नात पंगतीला काय वाढतात ते कळवा, आम्हाला चुकवायचं नाही.

सतराव्या घरातला खरा किसन गाव उठल्यावर खाणींच्या मुलखात, बेल्लमपल्लीकडे, कामाला गेला, आणि पुढं त्याचं काय झालं ते गिरदावरांनाही कळलं नव्हतं. शेवंती तेव्हा कडेवर होती. काकूंना हे माहीत होतं. त्यांनी मिरच्या बाजूला सारल्या.

"शेवंतीचं लगन झालं?" त्या म्हणाल्या. "कोन्या गावाले देली?"

मी पत्रात पाहिलं. "गावातच, काकू. घाटावरच्या नावाड्याच्या घरी."

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "मायच्या जवळ राह्यली." आणि मग पंगतीला काय काय वाढायचं ते त्यांनी मला सविस्तर सांगितलं, आणि मी लिहून घेतलं.